चौथा देवदूत

मेहलनकाकांकडे जाऊन काही मागायचं नसतं.
नुसतं जायचं, मागच्या दाराने,
आणि ते विचारतील तेव्हा पूर्ण नाव सांगायचं,
बाप्तिस्म्याच्या पाण्याने ऐकलेलं.
पैसे पुढे करायचे नाहीत.
निघताना आभार मानायचे नाहीत,
आभाराने गुण जातो.
म्हणून त्यांच्या पायरीवर लोक
काही न बोलता ठेवून जातात
अंडी, सफरचंदाचा काळा मुरंबा,
एकदा तर बर्फ उपसायचं कोरं फावडं.

माझ्या नवऱ्याच्या पोटरीवर धावरं उठलं तेव्हा
(गोळ्याही चालू होत्या, लपवत नाही)
काकांनी त्याच फावड्यावर निखारे घेतले,
तीनदा पायावरून फिरवले.
ओठ हलत होते, आवाज नव्हता,
गाय अंधारात रवंथ करते तसे.

विद्या आडवी जाते आमच्यात.
पुरुषाकडून बाईला, बाईकडून पुरुषाला.
काकांना लोव्हायना आत्याने दिली
हंसांची पिसं उपटता उपटता,
तिला एका कालव्यावरच्या फाटकवाल्याने,
त्याला त्याच्या सासूने,
अशी उसवत उसवत ती जाते
रॉटरडॅमहून सुटलेल्या एका जहाजापर्यंत,
जिथे कुणाच्या तरी जिभेखाली ती होती,
कारण पेटीत जागा नव्हती.

काकांना तीन मुलगे. या कामाला एकही चालत नाही.
म्हणून मी. शाळेची बस चालवणारी पुतणी.
पेंडीच्या गिरणीसमोर, ट्रकच्या काचा वर करून
त्यांनी मला शब्द दिले,
आमच्या डचमध्ये, जी डच नाहीच,
फाल्झमधल्या शेतकऱ्यांची जर्मन आहे,
अडीचशे वर्षं या दरीत मुरलेली.
तीन बाया थंडीत निघाल्या,
एकीच्या हाती आग, दुसरी ती विझवते,
तिसरी काहीच बोलत नाही.
मग चार देवदूत:
मिखाएल, गाब्रिएल, राफाएल, एर्लबाख.

एर्लबाखवर काकांचा फार जीव.
बाकीचे सगळ्या जगाचे आहेत, म्हणायचे,
हा आपल्याबरोबर आला.

गेल्या ऑक्टोबरमध्ये चर्चच्या जेवणाला
फाल्झहून एक बाई आल्या, इर्मट्राऊट शेरर,
चुलत्यांची नावं थडग्यांवरून उतरवत फिरणाऱ्या.
मंत्र बाईला सांगता येत नाही मला.
पण एक शब्द म्हणजे काही मंत्र नव्हे.
विचारलं.
त्यांनी चमचा खाली ठेवला.
एर्लबाख? आमच्या दफनभूमीमागचा ओढा तो.
बाया तिथे कपडे धुवायच्या.
अडुसष्ट साली नळात घातला,
आता त्यावर गाड्या उभ्या असतात.
आणि भाजल्यावर फुंकर घालणारं कुणी?
नाही हो, त्या हसल्या, आमच्याकडे आता दवाखाना आहे.

घरी येताना मी बस रिकामीच चालवली
लांबच्या रस्त्याने,
कोठारांवरच्या रंगीत चांदण्यांच्या खालून.
काका शहाऐंशीचे. रोज रात्री
ते एका ओढ्याला हाक मारून झोपतात.
सांगू?
नाही सांगितलं.
ज्याने कुणी पहिल्यांदा जोडलं ते नाव,
त्याला बहुतेक माहीत होतं काय जोडतोय ते.
आगीपुढे माणूस आधी पाण्यालाच हाक मारेल.
पंख नंतर फुटले, इकडे,
जिथे कुणी त्या ओढ्यात पाय बुडवला नव्हता.

मंगळवारी शेवटच्या थांब्यावर
ओरविल हा सात वर्षांचा पोर
उतरेचना. तळहाताला इस्त्रीचा चटका,
घरी सांगायची भीती.
पूर्ण नाव विचारलं. ओरविल टायटस क्लाइन.
फुंकर घातली. ओठ हलवले.
चौथ्या नावाशी आले तेव्हा
मला पहिल्यांदा कपडे आपटल्याचा आवाज आला,
आणि गार वास, शेवाळाचा.

मुठीची उघडझाप करून पाहिली त्याने.
मग पायरीवरून उडी मारता मारता
सवयीने म्हणाला, थँक्यू.

आता याला काय उपाय,
काकांना विचारायला हवं.