रिकामा चौकोन

मकास्सरच्या खाडीपल्याड, मतपत्रिकेवर
दोनच चौकोन:
एकात साहेब नि उपसाहेब, काळ्या टोप्या, हसरे.
दुसऱ्यात कुणी नाही.

दाएंग कानांग बाजारातून तशीच आली,
हाताला खवल्यांचा वास.
दोरीला बांधलेला खिळा उचलला
आणि त्या नसलेल्या माणसाच्या छातीत
भोक पाडलं.
बोट शाईत बुडवून गेली. बांगडे विकायचे होते.

दुपारी मास्तर एकेक कागद
उजेडाकडे धरून पुकारत राहिले.
भोकातून ऊन
त्यांच्या कपाळावर, टिकलीएवढं.

निवडून आलं कुणी नाही.

साहेबांच्या मांडवात बकरा शिजून तयार होता.
सगळे जेवून आले. कानांगसुद्धा.

पुन्हा मतदान म्हणे, पुन्हा साहेबच उभे.

कानांग हात धूत म्हणाली,
खिळा तेवढा गंजू देऊ नका.