नळीमागच्या रेघा

पंचवीस जानेवारीच्या दुपारी
दिल्लीचा फोन तिनं तीनदा कापला.
चौथ्यांदा म्हणाली,
"साडेअकराशे रुपये हायेत माह्या खात्यात, बाप्पा.
त्याचाही ओटीपी पाह्यजे काय तुले?"

मग दिल्लीनं कलेक्टर ऑफिसला विचारलं
आणि साहेबांनी मला,
कारण आवक-जावकच्या टेबलावर
लष्करीबागेतला मी एकटाच.
"ध्रुपताबाई रंगारी. ओळखतोस?"

मी डाव्या हाताचं मधलं बोट
अंगठ्यानं चोळत उभा राहिलो.

ओळखतो, साहेब.
तिच्या वहीत मी चारशे बारा आहे.

एकतीस वर्षं मेयोत नळ्या धुतल्या तिनं.
रविवारी त्यातल्याच धुतलेल्या, फुटक्या काठाच्या
जेवणाच्या डब्यात घालून वस्तीत यायची.
शाळेच्या ओट्यावर आमची रांग.
"तो पाह्य कावळा, एक पंख पांढरा हाय त्याचा!"
मी वर पाहिलं, आणि टोचलं.
पांढऱ्या पंखाचा कावळा
मी अजून शोधतो, सिव्हिल लाइन्सच्या झाडांवर.

कागदावर काळ्या रेघा. रेघांपुढे नळी.
रेघा दिसल्या तर जा खेळायला.
माझ्या दिसल्या नाहीत.
पाणी गढूळ, तांदळाच्या धुवणासारखं.
त्या रात्री ती घरी आली,
आईला म्हणाली, याले थंडीत भिजू देऊ नको,
पाणी पाज, लय पाणी पाज,
अन् हाडं दुखली तर नाटक समजून मारू नको.

आई तेव्हा रडली ती माझ्यासाठी नव्हे.
माझ्या थोरल्या बहिणीला नंबर नाही.
ती वहीच्या आधीची. तिला नाटक समजून मारलं होतं.

पाचपावलीच्या पुलाखाली फ्लेक्स लागला.
सर्वांत मोठा फोटो नगरसेवकाचा,
मग त्याच्या भावाचा, मग सात शुभेच्छुकांचे,
आणि खाली कोपऱ्यात ती,
मेयोच्या ओळखपत्रातून कापून काढलेली.
याच भावानं एकदा तिला अंगणातून हाकललं होतं.
दोन्हीकडची कार्डं जुळत नाहीत, पोरांचे हाल होतील,
एवढंच बोलली होती ती. सोयरीक मोडली.
"सोयरिकी खाणारी" हे तिचं नाव
पदकाच्या फार आधीचं.

दिल्लीला दहा ओळींचा परिचय हवा होता.
लाभार्थींची संख्या, अंकांत.
मी वही मागितली.
"जित्यांची लिहितं का मेलेल्यांची?"
जित्यांची, आई.
"मंग अर्धीच वही जाईल न दिल्लीले."
आणि चष्मा पुसत बसली.
मी एक आकडा लिहिला.
कोणता, ते साहेबांनीही विचारलं नाही.

टीव्हीवर ती अकरा सेकंद दिसली.
गुडघा धरून चालली, हात जोडले,
कॅमेरा पुढच्या माणसाकडे गेला.
ऑफिसात टाळ्या वाजल्या.
मी पाण्याची बाटली तोंडाला लावली
आणि संपेपर्यंत काढली नाही.

परवाचा रविवार.
विहाराच्या ओसरीत एक पोरगा मूठ आवळून,
उघडेच ना. कावळ्याला फसेना,
त्याच्याकडे मोबाइलात वाघ आहेत.
तिनं पिशवीत हात घातला,
कापूस बाजूला सारला, डबी काढली. मखमलीची.
"उघड. पाह्य त काय हाय."

त्यानं दोन्ही हातांनी उघडली.
टोचलं.

आता नळी रेघांपुढे धरली आहे.
दहा मिनिटं लागतात.
पोरगा पदक दातानं चावून पाहतोय
खरं आहे का म्हणून.
तिकडे कुणाचं लक्ष नाही.