डोळा बांधणे

वरूडच्या पुढं, नर्सऱ्यांच्या पाट्यांमधून
त्यांचं घर सापडायला तासभर लागला.
नायट्रोजनच्या टाकीतली कुपी मात्र
मी लाइट गेले तरी काढू शकते:
तिसरा कप्पा, डावीकडून चौथी. एम-सतरा.
नाव मला माहीत नसावं असा नियम आहे.
नवी संमती हवी म्हणून समितीनं ते लिफाफ्यात घालून दिलं,
एका दिवसापुरतं.

गुंजन. वय सात.
असती तर तेरा.

बेबीनंदाबाईंनी बाजेवर वाळत घातलेलं जंबेरीचं बी
हातानं कडेला सारलं, मला बसायला.
मग, मी विचारलं नव्हतं तरी, सगळं सांगितलं.
सकाळच्या उलट्या. जंताचं औषध.
सायकल पडायची ती नेहमी डाव्याच अंगाला.
अमरावतीहून चष्मा आणला.
"एका संत्र्याचे दोन सांगे, मॅडम.
हे म्हनत, चांगलं हाय, बगीचा दुप्पट झाला."
गुणवंतभाऊ ओट्याखाली कलमं बांधत बसले होते.
त्यांनी मान वर केली नाही.

मी बोलू लागले, सरावानं:
लहान मेंदू, ऑपरेशन, हरभऱ्याएवढा तुकडा,
त्यातल्या पेशी आम्ही वाढवतो.

"वाढते काय अजून?"
रोज.
"काय खाते?"
गुलाबी पाणी. साखर, मीठ, जीवनसत्त्वं.
वासराच्या रक्तातलंही काही असतं त्यात.
गोठ्यात वासरू होतं, ते मी गाळलं.
"थंडीत ठेवता?"
वाढवतो तेव्हा नाही. सदतीस डिग्री, रात्रंदिवस.
बाई जराशा हसल्यासारख्या झाल्या.
"मंग ताप नाई म्हना."

ओट्याखाली चाकू चालू होता.
जंबेरीच्या खोडावर उभा काप, आडवा काप,
साल उचलून आत नखाएवढा डोळा,
वरून प्लास्टिकची पट्टी, तीन वेढे.
"म्हंजे तुमी तिचा डोळा बांधला," ते म्हणाले.
"मायझाड वाळलं तरी डोळा जगते. परक्या मुळावर जगते."

हो म्हणायला काय जात होतं माझं.
पण एकोणीस वर्षांत मी आकडा फिरवलेला नाही,
आणि तोंडाला तीच सवय.
दादा, म्हटलं, ती गुंजन नाही.
तिला नेलं ती गाठ आहे.

चाकू थांबला.
"रोगी झाडाचा डोळा कोनी बांधते का, बाई?"
आम्ही बांधतो. कशानं मरतो ते पाहायला.
"अन् मेला?"
काचेत मेला. दोनदा.
उंदरात नाही. औषध मेंदूच्या दारातच अडतं.
दार चांगल्यासाठीच आहे, हे मी सांगत बसले नाही.
"शंभर बांधले तं आमचे नव्वद लागते," ते म्हणाले,
आणि माझ्या आकड्याची वाट पाहिली.
मी पाणी प्यायले.
त्यांनी पुढचं खोड घेतलं.

बेबीनंदाबाई आतून म्हणाल्या,
"पन वाढलं तं तिच्यातच ना थे."
यावर माझ्याकडे पेपर नाही.
कुणाकडेच नसावा.

फॉर्मची चार पानं मी वाचून दाखवली,
मागे घेण्याचा हक्क दोनदा वाचला.
बाईंनी पेन धरला, जिभेचं टोक दातात,
आणि पालकाची सही या रेघेवर
सावकाश, काना-मात्रा सांभाळत लिहिलं: गुंजन.
वर बोट ठेवून पाहत राहिल्या.
"हे चालते ना?"

चालत नाही. पिशवीत दुसरी प्रत होती.
त्यावर गुणवंतभाऊंनी सही केली,
आधी हाताचा चीक मातीनं पुसून.

पाचच्या गाडीनं निघाले.
लिफाफा समितीला परत केला.
एम-सतरा परवा पुन्हा वितळवली, सकाळपर्यंत काचेला धरली होती.
बाद झालेला फॉर्म कुठल्याच फाइलीत लागत नाही.
तो फाडायचा असतो.
माझ्याकडं आहे.