चाकाच्या एका फेरीला

शिवडीत माझं दुकान. काचेवर लिहिलंय
"सर्व प्रकारचे रिपेरिंग."
त्या "सर्व"मध्ये मोबाईल, रिमोट, मिक्सर,
फार तर एखादी देव्हाऱ्यातली माळ,
एवढंच धरून बोर्ड रंगवला होता.

तांडेलकाकांनी काउंटरवर बिस्किटांचा डबा ठेवला.
आत मलमलीत गुंडाळलेलं वाफेचं इंजिन,
टेंडरसकट वीतभर.
सोबत नखाएवढा डीकोडर,
त्याहून थोडा मोठा स्पीकर,
आणि कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीने :
"हेमांगी, याला आवाज घाल.
मला ऐकू येत नाही.
ओरडू नकोस."

पोर्ट ट्रस्टच्या यार्डात बावीस वर्षं फायरमन.
कान बॉयलरला दिले, म्हणतात,
पगारात धरले नाहीत.

चार स्क्रू. तीन सापडले.
चौथा धुराड्याच्या आत, उभा,
तो शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ
आणि दोन गिऱ्हाइकं गेली.
मोटर आधी सांगाड्यापासून सोडवायची,
नाहीतर पहिल्याच करंटला डीकोडर जळतो
आणि इंजिनातून खरा धूर निघतो,
एकदाच.

लाल तार उजव्या रुळाची, काळी डाव्या,
नारिंगी नि राखाडी मोटरला,
जांभळ्या दोन्ही स्पीकरला.
श्वास रोखून डाग दिला. कथिल चमकलं, थिजलं.
टेंडरमधला कोळसा म्हणजे प्लास्टिकची एक ढेप.
ती खालून कोरत गेले,
काळा भुसा नखांत,
आणि कोळशाच्या पोटात
स्पीकर बसवला.

रुळाचा तुकडा काउंटरवर मांडला.
इंजिन भकभकलं.
शेजारचा चहावाला शौकत किटली घेऊन तसाच उभा,
मुनीरा टेलर सुईत दोरा ओवायचा विसरली,
एका पोराने विचारलं, ब्लूटूथ आहे?
शिट्टी वाजली, कुठल्यातरी थंड देशातली,
आणि सगळे म्हणाले, वा.

काका गुरुवारी आले.
मी इंजिन रोलरवर चढवलं,
चाकं जागच्या जागी फिरू लागली.
त्यांनी माझा पेचकस उचलला,
मूठ दातांत धरली,
टोक टेंडरच्या कडेला टेकवलं.
(यार्डात बेअरिंगं अशीच ऐकायचे, नंतर कळलं.)
जरा वेळ गेला.
मग पेचकस न काढताच
तीन बोटं दाखवली,
मान हलवली,
आणि चौथं बोट उघडलं.

मी बघत राहिले.
त्यांनी पेन्सिल मागितली :
"सिलिंडर दोन. जाताना एक भक, येताना एक.
फेरीला चार. हे इंजिन लंगडतंय."

डीकोडरमध्ये आकड्यांचे शंभर कप्पे,
त्यातल्या एकात माझी चूक बसली होती.
शौकतला, मुनीराला, त्या पोराला, मला,
चांगल्या आठ कानांना
ती ऐकू आली नव्हती.

आकडा बदलला.
पेचकस पुन्हा दातांत.
मान हलली नाही. म्हणजे बरोबर.

मग शिट्टीचं बटण. लगेच हात वर.
"काढ. यार्डाला लागून वस्ती, पोरं झोपलेली.
रात्री आम्ही कंदील हलवायचो."
म्हणून शिट्टीच्या कप्प्यात शून्य घातलं.

शेवटी एक बटण उरलं होतं,
कशाचं ते मलाही ठाऊक नव्हतं. दाबलं.
फावडं.
कोळशात घुसणारं, वळणारं,
भट्टीच्या दारावर टणकन आपटणारं.
काकांनी माझा हात बाजूला केला,
स्वतः दाबलं.
परत दाबलं.
उजवा खांदा शर्टाच्या आत
दर खेपेला किंचित पुढे सरकत होता,
आणि ते त्यांना माहीत नव्हतं.

डबा बांधला. बाराशे सांगितले.
त्यांनी साडेअकराशे मोजले
आणि पाठकोऱ्या पानावर लिहिलं :
"शिट्टीचे पन्नास वजा."