काडेपेटीतला रुपया

आमचा धंदा उजाळ्याचा.
शहापूरच्या बोळात बाबा
रिठ्याच्या पाण्यात करंडे, समया, पैंजण बुडवायचे,
मग चिंच, मग राख, मग जुन्या धोतराचा तुकडा.
गिऱ्हाईक ताटात स्वतःचंच तोंड बघून
चार आणे जास्त ठेवायचं.
बाबांच्या नखांतलं काळं मात्र
शेवटपर्यंत निघालं नाही.

मी उलटं करतो.
घासून घासून पांढरीफटक पडलेली राणी
वजनाच्या भावात घेतो.
अंडी उकडतो, बलक कुस्करतो,
डब्यात जाळी, जाळीवर राणी, वर झाकण.
बायको म्हणते, निदान आमटीला तरी दोन ठेवा की.
मध्यरात्री गाल पिवळा,
पहाटे जांभळा,
दूधवाल्याची घंटा वाजते तेव्हा मोरपंखी.
तेव्हाच काढायची.
चहा प्यायला बसलो की कोळसा झालाच.

मग गच्चीवर, अकराच्या उन्हात, जरा तिरपा फोटो.
खाली मजकूर:
खानापूरकडच्या इनामदारांच्या देवघरातून.
शंभर वर्षं मखमलीत. रंग नैसर्गिक. हात लागलेला नाही.

इनामदार मीच. मखमल मीच.
शंभर वर्षं म्हणजे
मंगळवारची रात्र.

कुरियरचा मलप्पा विचारतो, गाव कसं लिहू?
बेळगाव टाकलं तर मशीन घेईना.
बेळगावी लिही की, म्हणतो, पोचल्याशी मतलब.
एका वेलांटीवरून इथं दोन पिढ्या भांडल्या,
मलप्पा आणि मी
अर्ध्या मिनिटात पावती फाडतो.

परभणीचे खडकीकर, निवृत्त पोस्टमास्तर,
दोन राण्या घेतल्यावर त्यांनी लिहिलं:
रुपयाला किंचित वास येतो.
इनामदारांकडे धूप कुठला जाळत असत?
मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो.
मग लिहिलं, ऊद.
त्यांचं उत्तर आलं, वाटलंच.

श्रावणात निपाणीची द्वारकात्या गेली.
तंबाखूच्या वखारीत जन्म काढलेली बाई,
ट्रंकेत तीन लुगडी, एक चष्मा,
आणि एक काडेपेटी. हलवली तरी वाजेना.
आत बोडक्या राजाचा रुपया, घट्ट बसलेला.
चोर काडेपेटी उघडत नाही, हा तिचा हिशोब.

रंग बघून माझा हात थांबला.
कडेला गुळासारखा, मग वांगी, मग निळा,
आणि अक्षरांपाशी येऊन निळा थबकलेला,
परक्या उंबऱ्याशी गाय थांबते तसा.
माझा निळा कधी थांबत नाही.
तो ओरखड्यातही शिरतो, राणीच्या नाकावरही चढतो.

घरात गॅस संपत आलेला, पोराची फी थकलेली.
विकायला लावला. मजकूर असा:
माझ्या आत्याचा. निपाणी. काडेपेटीत होता.
किती वर्षं, माहीत नाही.

कुणी लिहिलं, गंधकाचा खेळ.
कुणी लिहिलं, काम कच्चं आहे, थोडं शिका.
कुणी लिहिलं, काडेपेटी? गोष्ट तरी बरी रचायची.

रात्री खडकीकरांचा निरोप आला, लांबलचक:
तुमच्याकडचा इनामदारी रुपया
तुमच्या या फोटोशेजारी धरून भिंगातून पाहिला.
तो अस्सल आहे. हा नाही.
राग मानू नका. तुम्हालाही कुणीतरी फसवलं असावं.
आजकाल फार जपायला हवं.

बाबांची रिठ्यांची बरणी अजून फळीवर आहे.
दोन रिठे भिजत टाकले,
पाणी फेसाळेपर्यंत बसून राहिलो,
आणि मोरीत ओतून दिलं.

तेवढ्यात लाईट गेली.
अंधारात बायकोनं टेबल चाचपलं, काडेपेटी उचलली,
कानाशी हलवली.
काड्या आहेत का हिच्यात?

एक आहे, म्हटलं.
पण ती पेटायची नाही.