लाल कागद

लायसन मिळालं म्हणून जिलबी आणलीस, बरं केलंस.
तिसऱ्या टेस्टला का होईना, पास तो पास.
आता बस गादीवर, आणि ऐक.
तू म्हणशील, मामू, आजच धडकायच्या गोष्टी कशाला?
अरे, होडी पाण्यात घालायच्या आधीच
बुडाली तर काय, ते सांगतात.

धडकलास, तर पहिल्यांदा स्वतःचे हात बघ.
थरथरत असतील तर स्टिअरिंग धरूनच ठेव
आणि दहापर्यंत मोज. मराठीत मोज.
घाबरल्यावर दुसऱ्या भाषेतले आकडे सापडत नाहीत.

मग चारही दिवे लुकलुकते ठेव.
आरशात मागचा ट्रेलर बघ, दार नंतर उघड.
धडकेतून वाचलेला माणूस
दार उघडताना गेलेला मी पाहिलाय.

समोरच्याला विचार, लागलं का? गाडीचं मागाहून.
शिवी ओठावर आली तर गीळ,
इथे शिवीची वेगळी केस होते,
आणि तोही कुणाचा तरी मामू असतो.

लागलं असेल तर उचलू नकोस, ओढू नकोस,
नुसता जवळ बस. नाव विचारत राहा.
नसेल लागलं तर फोटो काढ, गाडी कडेला घे,
नऊशे नव्याण्णव लाव, मुल्किया हाताशी ठेव.
कंपनीला फोन त्यानंतर.
खेडला नकोच. रात्रीचा फोन अख्खा मोहल्ला ऐकतो.

हे सगळं मला पाठ होतं
त्या दिवशीही, मसाफीच्या उतारावर.
ऑगस्ट, दुपारचे दोन,
व्हॅनमध्ये हॉटेलच्या दोनशे धुतलेल्या चादरी
आणि डोळ्यांत एवढीशी डुलकी.

पुढचं पिकअप मला दिसलं ते लागल्यावर.

दिब्ब्याहून मासळी घेऊन निघालेला, गुल जमीर नाव,
डोंगरातला माणूस, गावाला समुद्र नाही
आणि हाताला सुरमईचा वास.
मागचं फळकूट तुटलेलं. बर्फाचं पाणी
डांबरावर टेकताच सुकत होतं.
उतरला, माझ्या काचेशी आला, म्हणाला,
"उस्ताद, लगा तो नहीं?"
मी विचारायचं ते त्याने विचारलं.

पोलीस यायला पाऊण तास.
बर्फ पाऊण तास थांबत नाही.
मी चादरींचं बंडल फोडलं,
प्यायच्या पाण्यात एकेक भिजवली
आणि मासळीवर पांघरली.
एक टोक तो धरी, एक मी.
लांबून कुणालाही वाटलं असतं,
दोघं जण मय्यत झाकतायत.

मग व्हॅनच्या सावलीत बसलो, गुडघे पोटाशी घेऊन,
सावली तेवढीच होती.
आणि तिथे बसून मी काय करत होतो, सांगू?
वाक्य जुळवत होतो.
*त्याने अचानक ब्रेक मारला.*
चार शब्द. चूक नसेल त्याला हिरवा कागद,
असेल त्याला लाल.
लाल म्हणजे पगारातून कापणार,
आणि त्या महिन्यात रुखसारची फी होती.

शुर्ता आला तो पोरगाच होता, तुझ्याएवढा, घामेघूम.
पांघरलेली मासळी बघून थबकला.
हसला नाही. "गलती किसका?" म्हणाला,
इथे सगळ्यांना येते त्या हिंदीत.

गुल जमीर माझ्याकडे बघतच नव्हता.
वाऱ्याने चादरीचा कोपरा उडत होता,
तो दाबून धरण्यात गुंतला होता.

चारही शब्द जिभेवर तयार होते.
मी म्हटलं, माझी.

आता मोठा माणूस झालो असं समजू नकोस.
महिनाभर पस्तावलो. डाळ-भात, डाळ-भात.
रुखसारची फी उसनवारीने गेली.
त्याची मासळी विकली गेली की नाही, ते कळलंच नाही,
नंबर घ्यायला विसरलो. तू विसरू नकोस.

चादरी तीन-तीनदा धुतल्या.
तरी सोळा हॉटेलने परत पाठवल्या, वासासाठी.
कंपनीने त्या माझ्याच नावावर टाकल्या.
त्यातलीच एक, तू बसलायस ती.
अरे, उठू नकोस, बस. जिलबी संपव.
वास गेलाय आता.
बहुतेक.