अठ्ठावीस लिटर

अडतीस दिवस मी इंजिन बंद केलेलं नाही.
खांदिगाच्या पंपावर नाही, जेवताना नाही,
झोपेत तर नाहीच.
झोपेतही एक कान त्याच्या घरघरीवर,
बाळंतिणीचा पाळण्याकडे असतो तसा.

आज बंद करायचं आहे.
आग्राफेना स्लेप्त्सोवा आली आहे तिची जुनी व्हॅन घेऊन.
तिला इकडे सगळे पावच म्हणतात:
तसाच आकार, तसाच भाजका रंग,
आणि मागचं दार उघडलं की आतून वाफ.

उणे त्रेपन्न.
थुंकी जमिनीवर पडते तेव्हा वाजते.

"वीस मिनिटं," ती म्हणते, "फार तर पंचवीस.
त्यापुढे ही गाडी तुझी नाही, थंडीची."

मी किल्ली फिरवतो.

आणि मग जे ऐकू येतं
त्याला शांतता म्हणावं की काय, ठाऊक नाही.
माझाच श्वास कानाजवळ चुरचुरत गोठतो.
दूर कुठेतरी झाड तडकतं.
माझे हात अजून थरथरतायत इंजिनच्या तालावर,
इंजिन थांबलंय हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

ती रेनडिअरचं कातडं अंथरते, गाडीखाली सरकते.
पाना कोटाच्या आत, पोटाशी धरून आणलेला;
उघडा ठेवला असता तर बोटांची साल घेऊन गेला असता.
बोल्ट सुटतो. काळं तेल टबात उतरतं,
आधी धावत, मग चालत, मग रेंगाळत.

तिने त्यात बोट बुडवलं, अंगठ्याशी चोळलं,
नाडी बघतो वैद्य तसे डोळे मिटून.
"डिझेल मिसळतंय. थोडंसंच. वसंतात बघ."
वसंतात. जणू तो पुढच्या वळणावर उभा आहे.

पावात शेगडी आहे, तीही जुन्या तेलावर पेटते.
काल कुणाच्या तरी इंजिनातून निघालेलं तेल जळतंय
आणि त्याच्या उबेला माझे नवे डबे,
शून्य-चाळीस, अठ्ठावीस लिटर,
ओळीने बसलेत, न्हाऊन आलेल्या पोरांसारखे.

अकरा मिनिटं झाली.

"वाटेत निळा कामाझ दिसला?" गाडीखालून आवाज.
"प्रोकोपीचा. नऊ तारखेला यायचा होता."

दिसला होता.
अल्दानच्या बर्फावर उतरायच्या अलीकडे.
धूर नव्हता. बॉनेटवर जाड नमदा, नीट बांधलेला.
मी थांबलो, दारावर मूठ आपटली, दार उघडलं.
पेल्यातला चहा तिरका गोठलेला.
सीटवर कुणी नाही. पावलं रस्त्यापर्यंत,
तिथून पुढे दुसऱ्याच कुणाच्या टायरचे ठसे.

हे मी तिला सांगतो.
दोन दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं,
इंजिनच्या आवाजात सांगायचं तरी कुणाला.

ती बाहेर येते. भुवयांवर दव गोठलेलं.
"नमदा बांधला होता?"
"बांधला होता."
"गाठ कुठल्या बाजूला?"
"उजव्या."
ती मान हलवते. "तोच डावखुरा. त्यानेच बांधली."
एवढंच. वहीत काहीतरी लिहिते,
पेन्सिलीने, शाई इथे टिकत नाही.

आता नवं. ती डबा कलता करते.
आपण म्हणतो ना, तेल बघा, तेलाची धार बघा,
धीर धरायला सांगताना.
इथे धार बघायचीच असते, खरोखर:
तुटली तर थांबायचं, जाड झाली तर पळायचं.
आज ती अखंड उतरते, मधासारखी नाही, पाण्यासारखीही नाही,
आणि आम्ही दोघं काही न बोलता बघत राहतो.

तेवीस.

किल्ली. एक आचका. काही नाही.
पुन्हा. एक खोकला, आतून, खोल.
तिसऱ्यांदा ते पकडतं,
माझ्या छातीतही काहीतरी पकडतं.

पैसे तिने मोजून घेतले. वर एक गोठलेला मासाही,
तो तिने पावाच्या छतावर फेकला, फळीसारखा आदळला.

माझी वाट पूर्वेला. तिची, ठरल्याप्रमाणे, खांदिगाला, घरी.
पण शेगडीजवळ तिने आणखी डबे सरकवले,
मी मोजले, अठ्ठावीस लिटर,
आणि निळ्या कामाझच्या मापाचा फिल्टर
कोटात टाकला, पान्याच्या शेजारी.

आरशात तिचा दिवा अल्दानकडे वळला.